माळा उतरवताना

यंदा दिवाळीआधी माळा उतरवला. मोडका पाट, नळ गळतो म्हणून वापरात नाही आणि तांब्याचा आहे म्हणून विकवत नाही असा बंब, आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेच्या तळाशी सुतळीनं बांधलेलं आंतरदेशीय पत्रांचं बाड निघालं. सगळी माझ्या सांगलीच्या मैत्रिणीची, १९८७ ते १९९१ मधली. आंतरदेशीयमध्ये वेगळा कागद घालायला परवानगी नसे. जे काय असेल ते त्या निळ्या कागदावरच मावायला हवं. तिचं कधी मावलं नाही. मग समासात उभं, घडीच्या पाकळीवर आडवं, आणि ‘आईंना सा. न.’ थेट पत्त्याच्या शेजारी. पोस्टमनकाकांनाही आमच्या घरचं बरंच ठाऊक असणार.

ती आता मेलबर्नला असते. शिडीवर बसूनच त्या बाडाचा फोटो काढायला गेले, तर फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. घ्या! एक माळा उतरवता उतरवता दुसरा डोक्यावर.

बरं, तिचं शेवटचं बोलणं काय झालं होतं ते बघावं म्हणून शोधायला लागले. ट्रंकेतली पत्रं दोन मिनिटांत सापडली होती. फोनमध्ये, व्हॉट्सॲपवर, तिचं नाव सापडायला पाव तास गेला. शाळेचे ग्रुप दोन (होता एकच, भांडणानंतर दोन झाले). सोसायटीचे तीन : एक अधिकृत, एक अध्यक्षांना वगळून केलेला, आणि एक निव्वळ पाण्याच्या टँकरचा. २०१९ च्या अष्टविनायक यात्रेचा एक, त्यात अजून कुणी तरी दर चतुर्थीला मोरया म्हणतं. आणि ‘लगीनघाई’ नावाचा एक. त्या लग्नातल्या जोडप्याची मुलगी आता बालवाडीत जाते, घाई अजून चालूच आहे.

या सगळ्यांच्या खाली, सतरा दिवसांपूर्वीचा, चार मिनिटांचा तिचा व्हॉइस मेसेज. न ऐकलेला. ‘अगं, तुझ्या आईच्या चकलीच्या भाजणीचं प्रमाण सांग ना. इथे यंदा पंधरा जणांना बोलावलंय.’ एवढं काम पहिल्या अर्ध्या मिनिटात संपलं होतं. उरलेली साडेतीन मिनिटं ती नुसती बोलत होती. गुडघा, सुनेचं बाळंतपण, परसातला कढीपत्ता जगला की नाही. म्हणजे समासातलं उभं लिखाण.

लगेच फोन लावला. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, धणे, जिरे, वेगवेगळं भाजायचं, हे सगळं एका दमात सांगून टाकलं. ती शांतपणे म्हणाली, ‘झाल्या गं करून. व्हिडिओ बघून केल्या. मऊ पडल्या.’ मऊ चकलीचं पाप माझ्या माथी, यात मला शंका नाही.

त्या संध्याकाळी केरसुणी घेतल्यासारखा फोन घेतला. पूर्वी ग्रुप सोडला की सगळ्यांना दिसायचं, भरल्या पंगतीतून उठल्यासारखं वाटायचं. २०२२ पासून ते फक्त ॲडमिनला कळतं. ‘लगीनघाई’च्या ॲडमिन माझ्या मोठ्या जाऊबाई आहेत हे मात्र मी विसरले. दहा मिनिटांत फोन. ‘काय गं, कुणी काही बोललं का तुला?’ पुन्हा आत गेले. बाकीचे ग्रुप सोडले, कुणी विचारलंही नाही, आणि याचं थोडं वाईटच वाटलं.

मग आत्याची पाळी आली. आत्या साताऱ्याला एकटी राहते, वय ७८. रोज पहाटे पावणेसहाला एक गुलाब, त्यावर दवाचे थेंब, खाली ‘शुभ सकाळ’. मी ते न उघडताच सोडून द्यायची, आठवड्यातून कधी तरी एकदम बघायची. ती सकाळी उठून पन्नास जणांना एकाच बोटानं गुलाब वाटत असणार, त्यातला एक आपल्याकडे, असाच माझा समज. पुसण्याआधी सहज वर पाहिलं, तर गुलाबावर दोन बाण. खूप हातांतून फिरून आलेल्या मेसेजवर येतात ते. आणि असा दोन बाणांचा मेसेज २०२० पासून एका वेळी एकालाच पुढे पाठवता येतो. म्हणजे आत्या चष्मा लावून रोज यादीतून माझं नाव शोधत होती, त्यावर बोट ठेवत होती, आणि मग पुढच्याचं नाव शोधायला परत मागे जात होती.

दुसऱ्या दिवशी गुलाब आल्याबरोबर उघडला आणि तिला फोन केला. तिनं आधी घाबरून विचारलं, ‘बरं आहे ना सगळं?’

‘बरं आहे. तुझं फूल बघितलं, म्हटलं बोलावं.’

‘हो, दिसलं मला. निळ्या खुणा झाल्या ना लगेच. एरवी तुझ्या फार उशिरा होतात बाई. त्या झाल्या की मी निवांत होते. आज अजून चहासुद्धा टाकला नव्हता.’

‘मग टाक की.’

‘थांब, फोन ठेवू नकोस. स्पीकर कुठे असतो ते सांग आधी.’