आपुला ठावो न सांडितां

तुमचा सर्वांत आवडता उतारा कोणता, असे तुम्ही मला नेहमी विचारता. माझे उत्तर बरीच वर्षे तेच आहे: ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात, श्रोत्याने ही कथा कशी ऐकावी हे सांगणाऱ्या पाच ओव्या.

शरदाच्या चंद्रकळेतले कोवळे अमृतकण चकोराची पिले जशी 'मनें मवाळें' वेचतात, तसे चित्त हळुवार करून ही कथा अनुभवावी, असे ज्ञानदेव तिथे सांगतात. शके १२१२ मधली, म्हणजे इ. स. १२९० मधली ही टीका ज्ञानदेवांनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, त्यामुळे समोर बसलेला श्रोता तिच्यात पदोपदी जाणवतो. आमच्या घरी मात्र पारायणात नऊ हजारांच्या वर ओव्या सात दिवसांत संपवायच्या असत. या पाच ओव्या माझ्या ओठांवरून कितीदा गेल्या, पण आत उतरल्या नाहीत.

पुढे एका सकाळी परसातल्या भोपळ्याच्या फुलातून एक भुंगा पाठीवर पिवळा पराग घेऊन बाहेर पडताना पाहिला. पाकळी जागची हलली नव्हती. 'जैसे भ्रमर परागु नेती । परी कमळदळें नेणती । तैसी परी आहे सेविती । ग्रंथीं इये ॥' ही ओवी खऱ्या अर्थाने मी तेव्हा प्रथम वाचली, पुस्तक हातात नसताना. आणि इतक्या मवाळ शब्दांच्या शेजारी ज्ञानदेवांनी 'बोलाआधि झोंबिजे । प्रमेयासी', म्हणजे शब्दांच्याही आधी अर्थाला झोंबावे, असे म्हणावे, याचे मला आजही नवल वाटते. वाचणाऱ्याच्या हळुवारपणातही त्यांना एवढी ओढ हवी आहे.

पाचव्या ओवीत कुमुदिनी येते. चंद्र उगवताच ती 'आपुला ठावो न सांडितां', म्हणजे आपली जागा न सोडता, त्याला आलिंगन देते. गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे वारी थांबलेल्या शेजारच्या आजींना मी गेल्या आषाढात ही ओवी वाचून दाखवली, तेव्हा तेवढेच शब्द त्यांनी मला दोनदा म्हणायला लावले आणि डोळे मिटून घेतले. ओवीत पंढरपूरचे नावही नाही. पण त्या दिवसापासून ती वाचताना मला चंद्राच्या जागी तिथला कळस दिसतो.