आंबा, घाट आणि पेटी

सोमवार, २१ एप्रिल २०२५. अक्षय्य तृतीयेला नऊ दिवस उरले होते. आमरसासाठी हापूसला सर्वाधिक मागणी याच दिवसांत असते, त्यामुळे पुण्यातील आमच्या पाच जणांच्या कार्यालयात एका आंबा बागायतदाराच्या ऑनलाइन जाहिरातींवर माझे पूर्ण लक्ष आहे, असा माझा समज होता. सकाळी साडेनऊला त्यांचाच फोन आला. रत्नागिरीजवळच्या पावस गावापाशी त्यांची वडिलोपार्जित बाग आहे आणि वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. एरवी हवापाणी विचारल्याशिवाय मुद्द्यावर न येणारे काका त्या दिवशी थेट हिशेबच सांगू लागले.

"शनिवारपासून एकवीस फोन आले. त्यातल्या सहा जणांनी खोली रिकामी आहे का, असं विचारलं. एकाने जेवणासकट दर विचारला. काल रात्री एक बाई विचारत होत्या, पेटी लहान मुलांना शिकवता का आणि आठवड्यातून किती दिवस. मी काय विकतो म्हणून तुम्ही लोकांना सांगितलंय, ते एकदा मला कळू द्या. आणि रोजचे तीन हजार ठरले होते ना? काल पाच हजार आठशे कसे गेले?"

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तयार होते, पण ते आधीच द्यायला हवे होते. गूगल ॲड्स या गूगलवर जाहिराती लावण्याच्या यंत्रणेत आपण जे रोजचे बजेट लिहितो ते सरासरी असते. मागणी जास्त असलेल्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो आणि महिन्याचा एकूण आकडा त्या बजेटच्या ३०.४ पटींच्या वर जात नाही. २०१७ पासून हा नियम आहे. आम्हा जाहिरातवाल्यांना तो इतका अंगवळणी पडला आहे की ग्राहकाला तो सांगायचा असतो, हेच आम्ही विसरतो. ज्याच्या घरात रोजच्या तीन हजारांचा अर्थ रोजचे तीन हजार असाच होतो, त्याला रविवारी रात्री बँकेचा संदेश पाहून काय वाटले असेल, याचा मी विचार केलेला नव्हता. खोल्यांचे आणि पेटीचे मात्र मला काहीच उमगेना. दुपारपर्यंत शोधून सांगतो, असे म्हणून मी फोन ठेवला.

काका जाहिरातींकडे हौसेने वळले नव्हते. त्यांच्या मुलीने काही वर्षांपूर्वी बागेची वेबसाइट करून दिली होती आणि अस्सल रत्नागिरी हापूस कसा ओळखावा, यावरचा तिचा इंग्रजी लेख हंगामात भरपूर वाचला जाई. तो वाचून आलेले बरेच जण पेटी मागवत. १५ ऑगस्ट २०२४ पासून गूगलने भारतात शोधनिकालांच्या वर एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे एआयने तयार केलेले उत्तर, दाखवायला सुरुवात केली, आधी इंग्रजी आणि हिंदीत. त्यानंतरच्या पहिल्या हंगामात मी त्यांचे सर्च कन्सोल, म्हणजे वेबसाइट शोधनिकालांत किती दिसते आणि तिला किती क्लिक मिळतात हे सांगणारे गूगलचे साधन, उघडले तेव्हा लेख निकालांत दिसण्याचे प्रमाण जवळपास पूर्वीइतकेच होते, पण त्यावर येणाऱ्या क्लिक निम्म्याहून कमी झाल्या होत्या. सर्च कन्सोल एआय ओव्हरव्ह्यूतून आलेल्या क्लिक वेगळ्या काढून दाखवत नाही, त्यामुळे घट नेमकी कशामुळे झाली हे मला सिद्ध करता येत नव्हते. तथापि, सालीचा रंग, देठाजवळचा खळगा आणि वास यांची माहिती वरच्या चौकटीत मिळाल्यावर खाली उतरून लेख वाचायची गरज किती जणांना उरत असेल, याचा अंदाज करणे कठीण नव्हते. फुकट येणारे गिऱ्हाईक आटले, म्हणून काकांनी पैसे मोजून गिऱ्हाईक आणायचे ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले.

१४ एप्रिलला कॅम्पेन, म्हणजे जाहिरातींची मोहीम, सुरू करताना मी कीवर्ड, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात दिसावी ते शब्द, मराठीत, देवनागरीत लिहिले होते. त्यांतील बहुतेकांसमोर शोधांचे प्रमाण अत्यल्प असल्याचा शेरा आला. असा शेरा असेपर्यंत तो कीवर्ड निष्क्रिय राहतो आणि त्यावर जाहिरात लागतच नाही. मराठीत काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही, कारण लोक बोलतात मराठी आणि टंकतात रोमन लिपीत, तेही प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने. म्हणून मी रोमन लिपीतले थोडेच कीवर्ड घेतले आणि ते ब्रॉड मॅचवर, म्हणजे सर्वांत सैल जुळणीवर, टाकले. खात्यातील शिफारशींच्या पानावरही तोच सल्ला होता. पूर्वी नेमकी जुळणी आणि सैल जुळणी या दोन टोकांमध्ये एक सोयीची वाट होती. शब्दाआधी अधिकचे चिन्ह लावले की तो शब्द शोधात असणे बंधनकारक होई. जुलै २०२१ पासून ती पद्धत नव्याने वापरता येईनाशी झाली आणि तिचे काम फ्रेज मॅच या मधल्या जुळणीकडे गेले. ब्रॉड मॅचमध्ये शब्द जुळणे आवश्यक नसते. शोधणाऱ्याच्या मनात काय आहे, याचा अंदाज यंत्रणा करते आणि आपला कीवर्ड म्हणजे तिला दिलेली केवळ एक खूण असते. हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही पहिला आठवडाभर मी सर्च टर्म्सचा अहवाल, म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष काय टंकले त्याची यादी, उघडला नाही, ही माझी चूक.

तो अहवाल आम्ही दहा वाजता उघडला. शेजारी आमची नवी सहकारी बसली होती, शाहूवाडी तालुक्यातली. पहिल्या काही ओळी ठीक होत्या. मग मँगो या स्पॅनिश कपड्यांच्या ब्रँडचे ड्रेस शोधणारे भेटले, आंब्याची कलमे विचारणारे भेटले, मोहोर गळतीवर फवारणी कोणती, असे विचारणारे शेतकरी भेटले. तोवर मी मान हलवत पुढे जात होतो. पुढची एक ओळ वाचून ती एकदम हसली.

"सर, हे आंबा बुकिंग आपलं नाही. हा आंबा घाट आहे. आमच्याकडचा."

कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावरचा आंबा घाट आणि घाटमाथ्यावरचे आंबा गाव. देवनागरीत लिहा की रोमनमध्ये, फळाचे आणि घाटाचे नाव अक्षरशः एकच आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथली रिसॉर्टे शोधणारी मंडळी आंबा बुकिंग असे टंकत होती, आणि माझ्या जाहिरातीचे ठळक शीर्षक होते, ‘आंबा बुकिंग सुरू’. त्याखाली रत्नागिरीचे नाव आणि काकांचा नंबर. मोबाइलवर त्या नंबरला स्पर्श केला की वेबसाइट न उघडता थेट फोन लागतो. त्यामुळे आंब्याच्या पेट्यांचे एकही छायाचित्र न पाहता लोक काकांना खोलीचा दर विचारत होते, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. आणखी खाली रोमन लिपीत टंकलेल्या ‘आंबे’ (ambe) या शब्दाने अंबामातेच्या आरत्या आणल्या होत्या, तर ‘पेटी’ या शब्दाने हार्मोनियमच्या किमती आणि शिकवण्या. मराठी माणूस हार्मोनियमला पेटी म्हणतो हे यंत्रणेने बरोबर ओळखले होते. हा माणूस मात्र दुसरी पेटी विकतो, हे मीच तिला कुठे सांगितले नव्हते.

अहवाल पूर्ण नव्हता, हेही नोंदवायला हवे. गोपनीयतेच्या कारणासाठी सप्टेंबर २०२० पासून पुरेशा लोकांनी केलेले शोधच त्यात नावानिशी दिसतात आणि उरलेले सगळे इतर या एका ओळीत जमा होतात. आमच्या आठवड्याच्या सुमारे बावीस हजारांपैकी आठ हजारांच्या आसपास रक्कम त्या एका ओळीत होती. त्यात काय काय होते, ते आम्हाला कधीच कळणार नव्हते.

तरीही माझ्या मते खरा घोळ शब्दांचा नव्हता. खाते आठवड्यात १८६ कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीतून घडलेल्या यशस्वी कृती, झाल्याचे सांगत होते आणि काकांच्या वहीत नऊ मागण्या होत्या. या फरकाचा शोध घेताना मला आढळले की जुन्या एका ग्राहकाच्या खात्यावरून मांडणी उचलताना दरपत्रकाचे पान उघडणे हीच मुख्य कृती म्हणून मोजली जात होती आणि नंबरवरचा स्पर्शही, संभाषण कितीही छोटे असले तरी, यशात धरला जात होता. जाहिरातीच्या जागेसाठी यंत्रणेने किती पैसे लावायचे हे ठरवणारी बोलीची पद्धत मी जास्तीत जास्त कन्व्हर्जनची निवडली होती. म्हणजे खोलीचा दर विचारून सात सेकंदांत फोन ठेवणारा पर्यटक यंत्रणेच्या दृष्टीने यशस्वी गिऱ्हाईक ठरत होता, आणि तशाच आणखी माणसांना शोधून आणण्यासाठी ती रविवारी दुप्पट पैसे खर्च करत होती. तिने सांगितलेले काम चोख केले होते. आम्ही ती मोजणी बदलली. व्हॉट्सॲपवर मागणी पाठवण्याचे बटण आणि एक मिनिटाहून अधिक चाललेला फोन, एवढ्याच दोन गोष्टी मुख्य ठेवल्या.

मग नकाराचे शब्द, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात नको ते निगेटिव्ह कीवर्ड, लिहायला बसलो. यात सकाळ सरली. कीवर्ड जुळवताना यंत्रणा रूपे, समानार्थी शब्द आणि अभिप्रेत अर्थ, सगळे आपणहून ओलांडते, पण निगेटिव्ह कीवर्डच्या बाबतीत ती शब्दशः वागते. २०२४ पासून चुकीची स्पेलिंगे तेवढी ती सांभाळून घेते, बाकी अनेकवचन किंवा समानार्थी शब्द आपल्यालाच द्यावा लागतो. इंग्रजीत हे दोन-तीन रूपांत भागते. मराठीत ‘घाट’ लिहून थांबता येत नाही. घाटात, घाटातील, घाटातले, घाटाजवळ, घाटमाथा हे सगळे वेगळे लिहावे लागते, आणि तेच पुन्हा रोमनमध्ये. शाळेत पाठ केलेली विभक्तीची कोष्टके इतक्या वर्षांनी कामाला आली. ‘पेटी’ आणि ‘आंबा’ यांना तर नकार देणे शक्यच नव्हते, कारण आमचा सगळा माल त्या दोन शब्दांतच होता. म्हणून पेटीभोवतीचे शब्द अडवले : हार्मोनियम, सूर, शिकवणी, क्लास, भाता, दुरुस्ती. भाता हा शब्द सहकारीने सुचवला. तिचे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवत. दुपारी एकपर्यंत यादी दोनशेच्या पुढे गेली होती.

काकांना हे सांगायला फोन केला, तेव्हा त्यांच्याकडे आणखी एक तक्रार तयार होती. त्यांच्या भाच्याने मुंबईहून जाहिरातीचे छायाचित्र पाठवले होते आणि त्यात दोन शीर्षके शेजारी शेजारी आली होती : ‘आजच उतरवलेला हापूस’ आणि ‘पिकलेला, खाण्यास तयार’.

"आज उतरवलेला आंबा पिकलेला असतो होय? अढीत काय मग आम्ही झोपायला जातो? वाशीच्या मार्केटातल्या लोकांनी हे वाचलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

हल्लीच्या जाहिरातीत आपण जास्तीत जास्त पंधरा शीर्षके द्यायची आणि त्यांतील दोन-तीन निवडून, हव्या त्या क्रमाने जुळवून दाखवण्याचे काम यंत्रणेवर सोडायचे, अशी रीत आहे. ३० जून २०२२ नंतर शोधजाहिरातींत ठरावीक क्रमाची जुन्या धर्तीची जाहिरात नव्याने लिहिता येत नाही. माझी दोन्ही शीर्षके एकेकटी खरी होती, कारण काका झाडावरून उतरवलेला कच्चा आंबाही पाठवतात आणि पेंढ्याच्या अढीत पिकवलेलाही. त्यांना एकत्र येऊ न देणे माझे काम होते. दोघांना एकाच जागी पिन केले, म्हणजे तीच जागा ठरवून दिली, की ती एकावेळी दिसू शकत नाहीत. दोन मिनिटांची दुरुस्ती होती. काकांची समजूत काढायला मात्र बराच वेळ लागला, आणि त्यांचे म्हणणे मला पटलेही होते.

एका बाबतीत मी त्या दिवशी घाई केली. पुणे आणि मुंबई निवडताना ठिकाणाची मूळची मांडणी मी तशीच ठेवली होती. तिच्यात त्या शहरांत असलेले लोक येतात, तसेच त्या शहरांत रस दाखवणारे, बाहेर कुठेही असलेले लोकही येतात. पैसे वाया जाण्याचे हे आणखी एक भगदाड आहे असे समजून मी ती केवळ प्रत्यक्ष तिथे असणाऱ्यांपुरती केली. संध्याकाळी काकांनी वहीतल्या नऊ मागण्या वाचून दाखवल्या. त्यांपैकी तीन दुबई आणि न्यू जर्सीहून होत्या. मुलांनी पुण्यात एकटे राहणाऱ्या आईवडिलांच्या पत्त्यावर पेटी मागवली होती आणि पैसेही लगेच पाठवले होते. ही गिऱ्हाइके मी सकाळी अकरा वाजता स्वतःच्या हाताने बंद केली होती. रात्री घरून त्यांच्यासाठी वेगळे कॅम्पेन केले, लहान बजेटचे, आणि त्याचे शीर्षक ठेवले, ‘आईबाबांच्या घरी पेटी पोहोचवू’. हंगामभर सर्वांत स्वस्तात मागण्या त्यानेच आणल्या.

पुढच्या नऊ दिवसांत खात्यातील कन्व्हर्जनचा आकडा कोसळला आणि काकांची वही भरू लागली. पहिले तीन दिवस जाहिराती फारच कमी लागल्या, कारण यंत्रणेला नव्या मोजणीवर नव्याने शिकायचे होते. त्या तीन दिवसांत काकांनी मला रोज दोनदा फोन केला. अक्षय्य तृतीयेपर्यंत त्रेचाळीस पेट्या गेल्या. फार मोठा आकडा नव्हे, पण दलालाला न देता गेलेल्या त्रेचाळीस पेट्या होत्या.

मे महिन्यात गूगलने एआय मॅक्स नावाची नवी सोय जाहीर केली. तिच्यात जाहिरातदाराने कीवर्ड दिलेला नसला तरी वेबसाइटचा मजकूर वाचून यंत्रणा जुळणारे शोध स्वतः निवडू शकते. काकांच्या खात्यात ती मी चालू केली नाही, कारण त्यांच्या वेबसाइटवर आंबा हा शब्द चाळीसेक वेळा आहे आणि घाटाचा उल्लेख कुठेच नाही. त्या वर्षी मोसमी पाऊस २५ मे रोजीच तळकोकणात पोहोचला, हंगाम आटोपला आणि आम्ही सगळ्या जाहिराती थांबवल्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. एप्रिलमध्ये खोली विचारणाऱ्यांपैकी एकाने त्यांचा नंबर जपून ठेवला होता आणि आंबा घाटात पाऊस कसा आहे, असे विचारले होते.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? साखरप्याला पुतण्या असतो, त्याला विचारून सांगितलं. जोरात आहे म्हटलं, गाडी सांभाळून चालवा."