माथेरान: दस्तुरी नाका ते बाजारपेठ

नेरळहून घाट चढून टॅक्सी दस्तुरी नाक्यावर थांबते. दार उघडायच्या आत खिडकीशी आवाज येतात, "घोडा घ्यायचा का?", "सामान उचलू?", "हॉटेल बुक आहे का, साहेब?" इथून पुढे पर्यटकांच्या मोटारी जात नाहीत. बाजारपेठ साधारण अडीच किलोमीटर आत आहे आणि माथेरानचं सगळं गिऱ्हाईक या अडीच किलोमीटरांत वाटलं जातं. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी मधल्या वारी चार दिवस तिथे होतो. या मुक्कामात पॉइंटांपेक्षा दुकानं, हॉटेलं, घोडेवाले आणि हमाल यांचा धंदा कसा चालतो हेच जास्त पाहिलं.

आधी दस्तुरीचं. प्रवासी कर भरून आत शिरलात की चार मार्ग आहेत. पहिला पायी, सामान हलकं असेल तर पाऊण तास, रस्ता बराचसा सपाट आणि झाडीतला. दुसरा अमन लॉज स्टेशनवरून शटल गाडी, म्हणजे तिथून बाजारापर्यंतच धावणारी छोटी आगगाडी. हे स्टेशन नाक्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर आहे आणि गाडी वीसेक मिनिटांत थेट बाजारात सोडते. तिसरा घोडा, चौथा ई-रिक्षा. नव्या माणसाची गल्लत होते ती इथेच. "गाडी बंद आहे", "दोन तास चालावं लागेल" असं कुणीही सांगितलं तरी आधी अमन लॉजच्या तिकीट खिडकीपर्यंत स्वतः जाऊन या. नेरळवरून सुटणारी गाडी पावसाळ्यात बंद असते, शटल मात्र बहुतेक वेळा चालू असते. या दोन्हींचा घोळ करून सांगितलं की माणूस मुकाट्याने घोड्यावर बसतो. ही तक्रार इतकी वाढली की १८ मार्च २०२५ला गावातल्या हॉटेलवाल्यांनी आणि दुकानदारांनीच माथेरान बंद पुकारला. नाक्यावर फसलेला पाहुणा परत येत नाही आणि त्याचा फटका अडीच किलोमीटर आत बसलेल्या चपलेवाल्यालाही बसतो. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

धंद्याची ही रचना इंग्रजांच्या वेळची आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५०च्या मे महिन्यात इथे चढला आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनच्या काळात वस्तीची आखणी झाली. बंगल्यांना मोठमोठे भूखंड दिले गेले, तेही रानात आत, एकमेकांपासून लांब. बाजार तेवढा एका रस्त्याला ठेवला. येणारी मंडळी मुंबईचे साहेब, पारशी, बोहरी. ती नेरळला उतरून टट्टूवर किंवा पालखीतून वर यायची, म्हणजे गिऱ्हाईक पायथ्यालाच गाठायची रीत तेव्हापासूनची. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या मेहनतीतून दोन फूट रुंदीचा रेल्वेमार्ग टाकला गेला. १९०४ साली काम सुरू झालं, १९०७ साली गाडी वर आली आणि स्टेशन बरोबर बाजाराच्या तोंडाशी बांधलं गेलं. उतरलेला माणूस दुकानांसमोरूनच जाणार, अशी ती जागा आहे. गाडी बंद पडली की हा ओघ तुटतो आणि सगळा धंदा दस्तुरीवर सरकतो. २००५च्या पावसात मार्ग वाहून गेला, २०१९मध्ये पुन्हा तेच झालं आणि नेरळची गाडी वर यायला २०२२चा ऑक्टोबर उजाडला. मधली वर्षं बाजाराला कशी गेली असतील ते रिकाम्या फलाटासमोरच्या दुकानदाराला विचारावं.

जुन्या बंगल्यांपैकी कितीतरी आज हॉटेलं आहेत. रस्त्यावरून ती दिसत नाहीत. वळणावर झाडाला ठोकलेली पाटी, बाण आणि मग आत तांबड्या मातीची पायवाट. त्यामुळे पाटी बघून गिऱ्हाईक आत शिरेल ही आशा त्यांना ठेवता येत नाही, त्यांची भिस्त आधीच्या बुकिंगवर किंवा नाक्यावरच्या दलालावर असते. दलालामार्फत गेलात तर त्याचं कमिशन तुमच्या भाड्यातच बसतं. मधल्या वारी थेट जाऊन खोली बघितली तर बोलायला वाव राहतो, शनिवारी-रविवारी ही हिंमत करू नका. बोलताना दर माणशी की खोलीमागे, त्यात चहा, नाश्ता आणि दोन्ही जेवणं धरली आहेत का, गरम पाणी किती ते किती, आणि खोली कितीला सोडायची हे विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी ती सकाळी नऊ-दहालाच रिकामी करावी लागते आणि मैदानातल्या हॉटेलांची सवय असलेला माणूस तिथे भांडतो. आणखी एक गोष्ट, स्टेशनपासूनचं अंतर मिनिटांत विचारा. 'जवळच' म्हणजे सामानासह अर्ध्या तासाची चढण निघू शकते.

घोडा करायचा असेल तर दरफलक आधी वाचा. मग पॉइंट कोणकोणते, एकेरी की येऊन-जाऊन, वेळ किती, आणि पैसे घोड्यामागे की माणसामागे हे चढण्यापूर्वी ठरवा. नुसतं "सात पॉइंट" म्हणून भागत नाही, नावं घ्या, कारण एकाच वळणावरची तीन ठिकाणंसुद्धा तीन पॉइंट मोजता येतात. बसण्याआधी तंगाखाली, म्हणजे खोगीर बांधणाऱ्या पोटाखालच्या पट्ट्यात, दोन बोटं घालून बघा. बोटं सैल फिरली तर घोडेवाल्याला तंग आवळायला सांगा, नाहीतर उतारावर खोगीर एका अंगाला कलतं आणि स्वार त्याच्याबरोबर. रिकिबीत पाऊल निम्मंच घाला, टाच खाली. उतारावर अंग थोडं मागे. घोड्याच्या मागून जाऊ नका.

हातरिक्षा इथे पिढ्यान्‌पिढ्या होत्या. एक जण पुढे ओढायचा, एक-दोघं मागून रेटायचे. ५ डिसेंबर २०२२पासून सात ई-रिक्षा प्रयोगादाखल आल्या आणि ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणूस ओढायची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. ज्यांचं पोट त्या दांड्यांवर होतं त्यांच्याच हाती ई-रिक्षा यायला हवी. त्यात कुचराई झाली तर ही सुधारणा फक्त पाहुण्यांची होईल.

हमालांशी घासाघीस करताना आपला हात आखडतो तो खरं तर बाजारातल्या चढ्या भावांमुळे. पण ते भाव का चढतात ते सकाळी सातला रस्त्यावर उभं राहिल्यावर कळतं. घोड्याच्या दोन्ही अंगांना बांधलेले गॅसचे सिलिंडर, डोक्यावर भाजीच्या पाट्या, हातगाडीवर सिमेंट. गावातली प्रत्येक वस्तू दस्तुरीपासून कुणीतरी वाहिलेली असते. चहाच्या कपात ती मजुरी आहे.

आता चपला. माथेरानला खरेदी करावी तर हीच, आणि पहिल्याच दिवशी. बाजारात दोन तऱ्हेचा माल शेजारी-शेजारी टांगलेला असतो, कातड्याचा आणि रेक्झिनचा. पट्टा उलटा करून कापलेली कड बघा. कातड्याची कड तंतुमय, खरखरीत दिसते. रेक्झिनला वरचा गुळगुळीत थर आणि खाली कापडाची वीण दिसते. मग चपलेचा तळ दोन्ही हातांनी वाकवा. शिवलेल्या तळाचे थर एकत्र वाकतात, नुसता चिकटवलेला असेल तर कडेला फट उघडते. तीच फट पहिल्या पावसात मोठी होते. टाके एकसारखे आणि जवळ हवेत, धागा खाचेत बसलेला हवा. वर उघडा राहिलेला धागा दगडावर घासून तुटतो. टाचेच्या आत बोट फिरवा, खिळ्याचं टोक लागलं तर तिथल्या तिथे ठोकून घ्या.

माप संध्याकाळी द्या, दिवसभर चालून पाय जरा फुगलेला असतो. एका दुकानात कारागिराने कागदावर पाऊल ठेवायला सांगून पेन्सिल उभी धरून कड आखली, मग चवड्यावर आणि घोट्यापाशी दोरी फिरवून गाठी मारल्या. रापीने पट्टा कापला, आरीने भोकं पाडली, अंगठा म्हणजे पायाचं बोट अडकवायचा पट्टा लावला आणि पायात घालून चार पावलं चालायला लावलं. अंगठा पहिल्या दिवशी थोडा रुतणारच, पण चवडा बाहेर येत असेल तर माप चुकलं आहे. अशी जोडी व्हायला एखादा दिवस जातो, म्हणून पहिल्या दिवशी. घरी आल्यावर एरंडेलाचा हात फिरवून रात्रभर ठेवा. भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात कातडं कडक होऊन चिरतं.

चिक्की मात्र निघायच्या दिवशी घ्या. गूळ हवेतलं पाणी ओढतो, धुक्यात उघडा राहिलेला तुकडा काही तासांत चिकट होतो. चांगल्या चिक्कीचा पाक थंड पाण्यात थेंब टाकल्यावर कट्‌कन मोडेपर्यंत चढवलेला असतो. कमी चढला की दाताला चिकटते, जास्त चढला की कडू लागते. दुकानात मागितल्यास तुकडा चाखायला देतात. तो मोडताना आवाज आला पाहिजे आणि शेंगदाणा आतून भाजलेला, फिक्या तपकिरी रंगाचा दिसला पाहिजे. वेष्टणावर तारीख बघा, घरी हवाबंद डब्यात भरा.

आणि ती पुडी हातात लोंबकळत ठेवू नका. स्टेशनकडे जाताना छपरांवरची माकडं पाहुण्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात. पाठपिशवीत तळाशी, कपड्यांखाली ठेवा. शटलच्या खिडकीशी बसलात तरी पिशवी मांडीवर, चेन बंद.