कात्रज ते कात्रज, तीनशे किलोमीटर

अंगठी निघेना तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

डिसेंबर २०२१ मधली संध्याकाळ. सुरूर फाट्याच्या अलीकडे महामार्गालगतच्या एका बंद टपरीच्या पायरीवर मी बसले होते. सायकलच्या मीटरवर २२६ किलोमीटर झाले होते, कात्रजला पोचायला अजून ७४ बाकी. पाय ठीक होते, एवढ्या अंतराला दुखायला हवेत तेवढेच दुखत होते. पण डोकं ठणकत होतं, सारखं मळमळत होतं, आणि हातमोजे काढले तर बोटं टम्म फुगलेली. एरवी भांडी घासताना सहज निघणारी अंगठी पेराच्या पलीकडे सरकेना. तासाभराने मुलगा गाडी घेऊन आला. सायकल मागे टाकली आणि मी खिडकीला डोकं टेकून घरी आले. सायकलवाल्यांच्या भाषेत याला डीएनएफ म्हणतात, राइड अर्धवट सुटली.

त्या रात्री झोप लागली नाही. थकव्यापेक्षा दुसरंच काही डोक्यात घोळत होतं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली. सोडियम-पोटॅशियमचे रिपोर्ट रोज माझ्या हातून जातात. रक्तातलं सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असावं लागतं, ते खाली घसरलं की आधी मळमळ आणि डोकेदुखी, मग माणूस बरळायला लागतो, आणखी घसरलं तर फिट येते, हे मला पाठ आहे. आणि त्या दिवशी मी काय केलं होतं? पाणी कमी पडेल या भीतीने साडेसात लिटर साधं पाणी प्यायले होते. डिसेंबरच्या थंडीत, तेवढा घाम येत नसताना. खाणं म्हणाल तर एक मिसळ, दोन केळी आणि चार चहा. घामातून मीठ जात होतं आणि मी वरून नुसतं पाणी ओतत होते. बोटं फुगली ती त्यामुळेच, अशी माझी शंका. एका दिवसात सायकलने लांब अंतर काटण्याबद्दल मला जे काही लिहायचं आहे ते सगळं या अंगठीपासून सुरू होतं.

या राइडला बीआरएम किंवा ब्रेव्हे म्हणतात. नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे, जगभर तेच. २०० किलोमीटरला जास्तीत जास्त साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. चारही अंतरं एकाच हंगामात पुरी केली की तुम्ही सुपर रँदोनर. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. पण मागे घरची गाडी ठेवायची नाही, पंक्चर आपलं आपण काढायचं, अंधारात पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जॅकेट असलंच पाहिजे, आणि ठरलेल्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या शिक्क्याच्या थांब्यावर, ठरलेल्या वेळेच्या आत पोचायचं. १५० किलोमीटरचा कंट्रोल दहाव्या तासाला बंद होतो. याच वाटेने पुढे गेलं की १८९१ साली सुरू झालेली आणि आता दर चार वर्षांनी होणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस येते, १२०० किलोमीटर, ९० तास. आणखी पुढे अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत, रॅम. नाशिकचे महाजन बंधू २०१५ मध्ये दोघांच्या संघात ती पूर्ण करून आले आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये एकट्याने. ऑस्ट्रियाच्या क्रिस्टोफ स्ट्रासरने २०२१ मध्ये चोवीस तासांत १,०२६ किलोमीटर सायकल चालवली. ताशी सरासरी बेचाळीसच्या वर, दिवस आणि रात्र. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कागद-पेन घेऊन भागाकार करून पाहिला होता.

माझं स्वप्न तेवढं मोठं नाही. मला एका दिवसात तीनशे करायचे होते, पहाटे निघून रात्री बाराच्या आत घरी.

हे वेड कुठून आलं ते सांगते. बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. आम्ही तेव्हा शनिवार पेठेत राहायचो. बत्तीस वर्षं ते काळ्या हर्क्युलिसवरून फॅक्टरीत गेले आणि आले. सकाळी संचेती हॉस्पिटलच्या पुढे नुसत्या सायकली दिसायच्या, डबे कॅरिअरला लावलेले, सगळ्यांचं तोंड खडकीकडे. भोंगा होण्याआधी गेट गाठायचं. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते या माणसांमुळे. दर रविवारी बाबा अंगणात सायकल उलटी करायचे, रॉकेलमध्ये चिंधी बुडवून साखळी पुसायचे आणि मग प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब. मी शेजारी बसून पायडल फिरवायचे. आता ते एक्क्याऐंशीचे आहेत, गुडघे चालत नाहीत, आणि आमच्या धनकवडीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत माझी सायकल त्यांच्या खुर्चीशेजारी उभी असते.

डीएनएफनंतर मी एका ताईंना गाठलं. आमच्याच भागातल्या, वयाने माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या, दोनदा सुपर रँदोनर झालेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पोटाची प्रॅक्टिस केली होतीस का?" मी पायांची केली होती. सिंहगडचा चढ, दिवे घाट, खंबाटकी, सगळं वर्षभर. पोटाची नव्हती केली.

आणि खरंच, तिथेच घोळ असतो. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर साठवलेली असते, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास. तीनशे किलोमीटरला याच्या दुप्पट-तिप्पट खर्च होतो. चरबीतून मिळतं, पण सावकाश. साठा संपला की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि सपाट रस्तासुद्धा चढ वाटतो. मग खाऊ या म्हणून ढाब्यावर थाळी घ्यावी तर तीही चालत नाही, कारण रक्त सगळं मांड्यांकडे धावत असतं, पोटाच्या वाट्याला थोडंच येतं. आतडं तासाला साठेक ग्रॅम साखर आत घेतं, दोन प्रकारच्या साखरा मिसळून दिल्या तर थोडी जास्त. म्हणून भूक लागायच्या आधी खायचं, थोडं थोडं, तासाला दोनदा. ताईंनी मला घड्याळात दर पंचवीस मिनिटांचा गजर लावायला लावला. वाजला की एक घास. खजूर, राजगिऱ्याची चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. भूक आहे का हे विचारायचंच नाही.

पाण्याचं उत्तर माझ्या लॅबच्या कपाटातच होतं. ओआरएसच्या पुडीत साडेवीस ग्रॅम पावडर असते: १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सायट्रेट, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. एका लिटरला एक. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागून पाणी जातं, एवढंच त्यामागचं शास्त्र. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले. ते गेले २०२२ मध्ये, मी तयारी करत होते त्याच वर्षी. बातमी वाचली आणि ओट्यावर रांगेत ठेवलेल्या माझ्या पुड्यांकडे मी बराच वेळ बघत राहिले.

दुसरा हिशोब थांबण्याचा. ताशी वीसने चालवलं तर तीनशेला पंधरा तास. उरले पाच. दहा ठिकाणी अर्धा-अर्धा तास बसलात की संपले. आणि बसायला कारणं खूप असतात. ताई म्हणतात, "बूड टेकलं की दिवस गेला." आम्ही ठरवलं, दहा मिनिटं, त्यात बाटल्या भरायच्या, बाथरूम आणि निघायचं. चहा हातात आला नसेल तर पैसे देऊन निघायचं.

जानेवारी २०२३. पहाटे पाचला ताई आणि मी कात्रजहून निघालो. जुना घाट अंधारात चढून बोगद्यातून पलीकडे शिंदेवाडीला उतरलो, तेव्हा बोटं थंडीने इतकी आखडली होती की ब्रेक चारही बोटांनी ओढावा लागत होता. शिवापूर, कापूरहोळ, सारोळ्याचा नीरेवरचा पूल. तिथे उजाडलं. पाण्यावर धुकं होतं. खंबाटकी हलक्या गिअरवर बसून चढलो. सातारा सहज मागे पडला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गजर वाजत होता, मी चावत होते. कऱ्हाडच्या थोडं अलीकडे, दीडशेच्या कंट्रोलवर पावणेदोनला पोचलो. सव्वा तास हातात. ब्रेव्हे कार्डावर शिक्का बसला.

खरी राइड तिथून सुरू झाली. वळलो आणि वारा तोंडावर. जानेवारीत त्या पट्ट्यात ऊसतोड जोरात असते. रस्ताभर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, वर मावेल त्याहून जास्त ऊस, बाजूने लोंबणारं पाचट खांद्याला घासून जायचं. सकाळी बावीस-तेवीसने जाणाऱ्या आम्ही आता चौदाने जात होतो. उंब्रजच्या पुढे एका टपरीवर पाणी भरताना एका ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉलीतून ऊस ओढला, विळ्याने सोलून दोन कांडी आमच्या हातात दिली. "वारं लई हाय," तो म्हणाला. "माज्या मागनं या साताऱ्यापतोर, ट्रॉलीच्या आडोशाला वारं लागायचं न्हाई." किती मनापासून म्हणाला. पण वाहनाच्या आडोशाने चालवणं नियमात बसत नाही, आणि ट्रॉलीच्या मागे खड्डाही दिसत नाही. ताईंनी त्याला हात जोडले. "दादा, ऊस दिलात, तेवढ्यात सातारा येईल." मी ऊस चावला. गोड रस जिभेवर आला आणि कानशिलांपर्यंत काहीतरी सैल झालं.

तरीही एकशे ऐंशी ते दोनशे तीस हे अंतर मला आजही आठवतं ते नुसत्या डांबरासारखं. सकाळची हौस संपलेली असते आणि घर अजून जवळ आलेलं नसतं. नागठाण्याच्या पुढे मला रडू आलं. कशासाठी, सांगता येणार नाही. ताई मागे वळल्या नाहीत, फक्त वेग थोडा कमी केला आणि म्हणाल्या, "गजर वाजला. खा." मी रडत रडत बटाटा खाल्ला. वीस मिनिटांनी रडू थांबलेलं होतं. साखर रक्तात पोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उदासपणा म्हणून जे आपण समजतो त्यातला बराचसा भाग भुकेचा असतो, असं मला त्या दिवसापासून ठामपणे वाटतं.

सुरूर फाट्याला ती टपरी आली. या वेळी उघडी होती. मी थांबले नाही. हातमोजा दातांनी ओढून अंगठी फिरवून पाहिली. फिरत होती.

येताना खंबाटकीचा बोगदा. साताऱ्याहून येणारी वाहनं घाट न चढता बोगद्यातून जातात. आत शिरलो तेव्हा बाहेर पूर्ण अंधार झाला होता. आतला आवाज अंगावर येतो. ट्रक शंभर मीटर मागे असतो आणि कानाला वाटतं की चाक पाठीवरच आलं. डावीकडची भिंत काजळीने काळी, रस्त्याच्या कडेला वाळू. मी ताईंच्या लाल दिव्यावर नजर ठेवली आणि हँडल घट्ट न धरता सैल धरायचं, एवढंच मनात म्हणत राहिले. पलीकडे गार हवा तोंडावर आली तेव्हा कळलं की मी श्वास रोखून धरला होता.

शिरवळला वरण-भात, चार घास. शिवापूरला पावणेदहा. नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. त्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी किती जीव घेतलेत ते पुण्यात कोणाला सांगायला नको. म्हणून शिंदेवाडीहून पुन्हा जुना घाट. दोनशे नव्वद किलोमीटरनंतर तो चढ सर्वांत छोट्या गिअरवर, ताशी सात-आठने, एकेक वळण. रस्त्यावर कोणी नव्हतं. साखळीचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, आणि तो मला शनिवार पेठेतल्या अंगणातला वाटत होता. जुन्या बोगद्यातून बाहेर आलो आणि खाली सगळं पुणं पेटलेलं. ताई म्हणाल्या, "आता ब्रेक मार, घाई नको."

अकरा वाजून वीस मिनिटांनी कार्डावर शेवटचा शिक्का. अठरा तास वीस मिनिटं.

घरी आले तर बाबा जागे. बाल्कनीत शाल पांघरून बसलेले.

"झाले?"

"झाले बाबा. तीनशे."

त्यांनी मान हलवली. आईने दहीभात कालवून ठेवला होता, तो मी उभ्यानेच खाल्ला आणि कपडे न बदलता झोपले.

सकाळी दहाला जाग आली ती रॉकेलसारख्या वासाने. बाल्कनीत बाबा खुर्चीत वाकून बसले होते. हल्ली रॉकेल कुठे मिळतं, त्यांनी शेजाऱ्यांकडून डिझेल मागून आणलं होतं. माझी सायकल भिंतीला टेकवलेली, मागचं चाक स्टुलावर उचललेलं. हाताला कंप आहे त्यांच्या, पण चिंधी साखळीवर बरोबर बसत होती. कडी पुसली की तेलाचा एक थेंब, मग पुढची कडी.

"ये," ते म्हणाले, "पायडल फिरव."