हळद ओलीच होती

12 जानेवारी, सोमवार

शाळेतून येताना ओढ्याच्या उतारावर उसाची टायरगाडी अडलेली दिसली. उजवीकडचा बैल गुडघ्यांवर बसला होता. जीभ बाहेर, तोंडाला फेस. गाडीवान पराणी उगारत होता, त्याची बायको ‘नका मारू, नका मारू’ म्हणत चाकामागे दगड लावत होती. मागून मोटारसायकलवाल्यांचे हॉर्न चालूच.

गाडी धुरजड, म्हणजे पुढच्या बाजूला जड भरली होती. सपाटीला ते खपून जातं, उतार लागला की सगळा भार बैलाच्या मानेवर येतो. चौघांनी मिळून पुढच्या दहा-बारा मोळ्या उतरवल्या, जू सोडलं, तेव्हा खाली काय आहे ते दिसलं. खांदा आला होता. वाटीएवढी सूज, मधोमध कातडं सोललेलं, आणि त्यावर माश्या.

मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो, “अहो, याला आठ-पंधरा दिवस तरी जुंपू नका.”

तो बीडकडचा. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन आलेला. म्हणाला, “जुंपू नको तर काय करू भाऊ? टनावर पैसे हायेत. गाडी उभी ऱ्हायली तर उचल कवा फिटायची?”

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

घरी येऊन कायदा काढून वाचला. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये! स्टँडवर दोन वडापाव आणि चहा घेतला तर याहून जास्त होतात. 1965 चे नियमही आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, 37 अंशांच्या वर ऊन असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. आमच्या रस्त्यावरून पहाटे तीनला गाड्या जातात आणि रात्री कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत उभ्या असतात. कोण मोजतंय तास?

शर्यतीच्या बैलांसाठी मात्र आपण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलो. 2014 ला बंदी, 2021 च्या डिसेंबरात सशर्त परवानगी, 2023 ला शिक्कामोर्तब. गावागावांत फटाके वाजले. शर्यतीच्या खोंडाला दूध-अंडी मिळतात, त्याचे फोटो स्टेटसला असतात. ऊस ओढणाऱ्याचं नावही कुणाला ठाऊक नसतं. 2022 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी जुवाखाली एक आधाराचं चाक बसवून दाखवलं होतं, मानेवरचा भार त्या चाकावर जावा म्हणून. व्हिडिओ सगळ्यांनी पाठवला, मीही पाठवला. आमच्या रस्त्यावर तसं चाक अजून एकाही गाडीला पाहिलं नाही.

पण मी कोण मोठा लागून गेलोय? सहावीत असताना आमच्या गाडीवर पराणी माझ्याच हातात असायची. टोकाला आर, म्हणजे लोखंडी अणी. एकदा उगाच, नुसती गंमत म्हणून, तांब्या बैलाच्या शेपटीजवळ टोचली. तो असा उसळला की गाडीतली सगळी माणसं हसली. मीही हसलो. कुणी रागावलं नाही, हेच जास्त लक्षात राहिलंय. त्याच तांब्याचा खांदा मी दर बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी हळद-लोण्यानं मळायचो. ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या,’ असं त्याच्या कानात सांगायचो. खांद्यावरचं घट्टं टायरसारखं टणक लागायचं हाताला. ते कशानं झालं, हे तेव्हा विचारावंसंही वाटलं नाही.

ओढ्यावरून घर जवळच, म्हणून आईकडून वाटीत तेल-हळद घेऊन परत गेलो होतो. गाडीवानानं दोन बोटांनी हलकेच लावली. बैल थरथरला, पण उभा राहिला. बायकोनं त्याच्यापुढे उसाचं वाढं टाकलं. तेवढं खाऊन होईपर्यंत सगळे गप्प उभे होतो.

मग त्यानं जू उचललं आणि त्याच जागेवर ठेवलं.