विहिरीवर टाकलेला गळ

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

रात्रीचे साडेनऊ. हाताला अजून माशाचा वास आहे. लिंबू चोळून झालं, बेसन लावून झालं, तरी जात नाही. उजव्या अंगठ्यात चिलापीच्या पाठीचा काटा घुसला होता, तो वेगळाच ठणकतोय. पण आजचं आजच लिहून ठेवतो. उद्या ऑफिसात पाय ठेवला की यातलं निम्मं उडून जाईल.

तर उजनी धरणावर गळ टाकून आलो. मी आणि पार्टनर. (कॉलेजपासून त्याला पार्टनरच म्हणतो, खरं नाव हाजिरीपुरतंच.) त्याला गेल्या वर्षी मासेमारीचं वेड लागलं आणि त्याच्याकडे आता तीन काठ्या, दोन रीळ आणि दागिन्यांच्या डब्यासारखा कप्प्याकप्प्यांचा एक डबा आहे. डब्यात ल्युअर, म्हणजे रंगीत प्लास्टिकचे खोटे मासे, पोटाला तीन-तीन गळ लटकवलेले. आजवर हा डबा फक्त फार्महाउसच्या तळ्यावर उघडला गेला होता.

होडीवाल्याचा नंबर ऑफिसातल्या एका पक्षीवाल्याने दिला. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला पुण्याहून गर्दी लोटते, त्यामुळे कोळ्यांच्या होड्या तासावर मिळतात. फोन लावला तर पहिला प्रश्न, "कॅमेरेवाले का?" म्हटलं, नाही, गळ टाकायचाय. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "बरं. या की."

त्या फोनवर मी काय काय विचारलं ते आता आठवून हसू येतंय. इंजिन किती हॉर्सपॉवरचं? मासे नक्की लागतील ना? नाही लागले तर पैसे कमी होतील का? त्यांनी मला तीनच गोष्टी विचारल्या. किती जण? पोहता येतं का? पिऊन येणार नाही ना? सकाळी साडेसहा ते दुपारी बारा, डिझेलसकट २२०० सांगितले. मी घासाघीस करून १८०० वर आणले आणि फोन ठेवल्यावर बायकोला ते ऐटीत सांगितलंही. आज पहाटे हायवेवरच्या हॉटेलात दोन मिसळी, दोन चहा आणि एका पाण्याच्या बाटलीचे ४१० रुपये मी निमूटपणे दिले. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिताना जरा कसंतरी होतंय.

पुण्याहून सव्वाचारला निघालो. काठावर पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि होडी दिसायच्या आधी डब्याने पाणी उपसल्याचा आवाज ऐकू आला. तेलाचा पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा तिरका कापलेला, त्याने तळातलं पाणी बाहेर. खोप... खोप... होडीवाले पंचावन्नच्या आसपासचे, डोक्याला मफलर, पायात काही नाही. त्यांच्या पुतण्याने हाक मारली ती ऐकून आम्हीही त्यांना तात्याच म्हणायला लागलो.

जाळं त्यांनी पहाटेच काढलं होतं. टोपलीत बहुतेक चिलापीच, आणि काठावर फेकून दिलेले चार-पाच काळे, खवल्यांच्या जागी चिलखत घातल्यासारखे मासे. पार्टनरने एक पायाने उलटा केला. सकर. लोक हौसेनं फिशटँकची काच साफ करायला आणतात तो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, कुणीतरी कंटाळून नदीत सोडला आणि आता उजनीत मुबलक. खायला कुणी घेत नाही, आणि परांच्या काट्यांनी जाळं मात्र फाडून ठेवतो. "ह्याला आमी हेलिकॉप्टर म्हन्तो," तात्या म्हणाले. "जाळं शिवायला बसलो की दिस जातोय." चिलापीही मूळची इथली नाही, आफ्रिकेची. पण ती विकली जाते, म्हणून ती आपली झाली.

होडीत चढायच्या आधी लाइफ जॅकेट. माझ्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं होतं, तिथे सुतळी. पार्टनर म्हणाला, मला पोहता येतं, राहू दे. तात्यांनी वल्हं खाली ठेवलं आणि होडीच्या काठावर बसून राहिले. वाद नाही, काही नाही. नुसते बसले. पार्टनरने जॅकेट घातल्यावर उठले. गेल्या वर्षी २१ मेला याच पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. एकटाच पोहून काठाला लागला. मी ते तेव्हा पेपरात वाचलं होतं आणि पान उलटलं होतं.

आता खरी गोष्ट. मला वाटलं होतं की कुठेतरी बऱ्यापैकी जागा बघून आपण गळ टाकू. डोळ्यांना तर सगळं पाणी सारखंच दिसत होतं. तात्यांनी इंजिन बंद केलं, वल्ही घेतली आणि पाण्याकडे न बघता काठांकडे बघायला लागले. एकदा डावीकडे, एकदा मागे. दोन वल्ही पुढे, एक वल्हं उलटं. मी विचारलं, काय शोधताय?

"त्यो टावर बघा. त्याच्या म्होरं ती वाकडी बाभळ. टावर बाभळीच्या आड ग्येला पायजे. आनि हिकडं कारखान्याचं धुराडं त्या टेकडीच्या खांद्यावर बसलं पायजे."

टॉवर बाभळीमागे गेला. धुराडं अजून हवेतच. दोन वल्ही. धुराडं टेकडीच्या खांद्यावर येऊन बसलं. तात्यांनी दोरीला बांधलेला दगड सोडला. दोरीला गाठी मारलेल्या, एकेक वाव (पसरलेल्या दोन हातांएवढ्या) अंतरावर. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवी गाठ बोटांतून अर्धी सरकली तेव्हा दोरी सैल पडली. "हां. मोटवनीवर हाय आपन."

मोटवण? मग कळलं. होडी उभी होती ती त्यांच्या विहिरीवर. वडिलांची विहीर, घडीव दगडांनी बांधलेली, मोटेची, म्हणजे बैलांनी चामड्याच्या मोठ्या पिशवीतून पाणी ओढायची. मोट जिथून वर यायची तो काठ म्हणजे मोटवण. धरण १९८० ला पुरं झालं, पण पाणी त्याआधीच चढायला लागलं होतं. तात्या तेव्हा तिसरीत. विहीर आता गाळाने भरली असणार, पण मोटवणीचे आणि थारोळ्याचे (मोटेचं पाणी जिथे पडायचं त्या हौदाचे) दगड जागेवर आहेत. "सपाट रानात मासा कशाला थांबंल? दगडाला शेवाळ धरतं, आडोसा असतोय. मासा हितंच बसतोय." मग त्यांनी हात पाण्यावरून फिरवला, भिंतीवरचा नकाशा दाखवावा तसा. इथून बैलांची धाव अशी खाली जायची. पलीकडे बांध. बांधावर दोन चिंचा होत्या, तोडून नेल्या, खोडं आहेत, तिथे जाळं अडकतं म्हणून कुणी टाकत नाही. तिकडे गाडीवाट. पाणी उतरलं की वाम मासा वाटेच्या कडेच्या खळग्यात सापडतो.

मी चाळीस मिनिटं हेच ऐकत होतो. पुण्यात मला शेजारच्या सोसायटीचं नाव सांगता येणार नाही.

कागदावर उजनी म्हणजे साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे वापरात न धरलेलं तळाचं पाणी. पातळी त्यात उतरली की टक्के वजा मोजतात. म्हणून उन्हाळ्यात बातम्यांत 'उजनी वजा तीस, वजा चाळीस टक्के' असं ऐकू येतं आणि पुण्याच्या माणसाला कळत नाही की वजा झालेल्या धरणात होड्या कशा चालतात. गेल्या मे महिन्यात तर इतकं खाली गेलं होतं की पळसदेवचं जुनं देऊळ पूर्ण उघडं पडलं, लोक चालत दर्शनाला गेले. तात्यांची विहीर उघडी पडली का? मोटवण दिसली, म्हणाले. पायताण काढून गेलो. पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

मासेमारीचं सांगायचं तर तात्यांनी आमचा डबा उघडून बघितला, एक नारिंगी ल्युअर उन्हात धरून फिरवला आणि अगदी आदराने परत ठेवला. मग स्वतःच्या पिशवीतून कणकेचा गोळा काढला. कणीक, त्यात थोडी हळद आणि वाटलेली शेंगदाण्याची पेंड. गहू-हरभऱ्याएवढी गोळी करायची, गळाचं टोक जेमतेम झाकेल इतकी. "मोठी गोळी केली की चिलापी चाटून खाती, गिळत न्हाय." तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बोटावर धरायचा, काठीकडे बघायचंच नाही. बोटाला पहिल्यांदा येतं ते ठुकठुक. तेव्हा ओढायचं नाही. मग तंगूस जरा बाजूला सरकतो, कुणी बाही धरून हलकेच ओढावी तसा. तेव्हा झटका.

पहिल्या चार ठुकठुकींना मी चारही वेळा घाईत झटका दिला. पाचव्यांदा तात्यांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. ठुक. थांबा. ठुक ठुक. थांबा. मग ती बाही ओढली गेली आणि मनगटावरची बोटं उचलली गेली. वर आली ती तळहाताहून थोडी मोठी चिलापी, राखी रंगाची, पाठीचा पंखा ताठ उभारलेला. मी आनंदाने मूठ आवळली आणि काटा अंगठ्यात. धरायची पद्धत अशी की डोक्याकडून हात मागे सरकवत काटे पाठीवर झोपवत जायचे. हे मला रक्त आल्यावर सांगण्यात आलं.

दहा वाजेपर्यंत तेरा लागल्या. पाच माझ्या, आठ तात्यांच्या. त्यातल्या चार तात्यांनी परत सोडल्या. "बारकं हाय. हेच्यासाठी आमचं भांडान चालतं हितं." बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांनी, ज्याला इथे वडाप म्हणतात, बोटाएवढी पिल्लंही उपसून वाळवून विकली जातात. तात्या त्या विषयावर बोलायला लागले तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. मी नुसतं हं हं करत राहिलो.

पार्टनरला कणीक मान्य नव्हती. तो होडीच्या टोकाला उभा राहून मरळ (दुसरे मासे खाणारा मासा) मिळेल या आशेने ल्युअर फेकत होता. उभा राहू नका, हे त्याला तीनदा सांगून झालं होतं. चौथ्या की पाचव्या फेकीला काठी वाकली, तो ओरडला, रीळ किर्र वाजलं आणि सगळं जागच्या जागी थांबलं. तात्यांनी तंगूसला बोट लावून बघितलं. "थारोळं घावलं तुमास्नी." होडी चारी बाजूंनी फिरवून बघितली, सैल सोडून बघितलं, पण गळ दगडात बसलेला. शेवटी तंगूस तोडावा लागला. साडेसहाशे रुपयांचा ल्युअर तात्यांच्या विहिरीत राहिला.

साडेदहाला तात्यांनी दगडाचा नांगर ओढून घेतला. पार्टनरने घड्याळ दाखवलं, बारापर्यंत ठरलंय. पाण्यावर मला काही फरक दिसत नव्हता. तात्यांनी हनुवटीने पश्चिमेकडे खूण केली. लांब, काठाला समांतर, पाण्याचा एक पट्टा बाकीच्यापेक्षा काळपट होता आणि त्यावर बारीक सुरकुत्या होत्या. "वारं निघालं. अर्ध्या तासात हितं येतंय." पार्टनर पुटपुटला की पैसे तर पूर्ण घेणार. ते त्यांना ऐकू गेलं असणार, पण इंजिनची दोरी ओढण्याच्या आवाजात बुडालं असं आम्ही तिघांनी मानून घेतलं. काठाला लागलो तेव्हा पाणी होडीच्या बाजूला फट फट वाजायला लागलं होतं. चहा पिईपर्यंत समोर सगळीकडे पांढऱ्या टोप्या. मी पार्टनरकडे बघितलं. तो डब्यातले कप्पे नीट लावत होता.

फ्लेमिंगो दिसले. लांब, चिखलाच्या कडेला गुलाबी रेघ. फोटो काढला, ठिपके आले.

पैसे देताना मी २२०० दिले. तात्यांनी मोजले आणि ४०० परत केले. फोनवर अठराशे ठरले होते, म्हणाले. मी आग्रह केला तर त्यांना ते आवडलं नाही असं दिसलं, मग गप्प बसलो. माझ्या पाच चिलाप्यांत त्यांनी आपल्या टोपलीतली एक चांगली मोठी टाकली, तिचे मात्र पैसे घेतले, बाजारभावाने.

घरी येऊन साफ केल्या. खवले सिंकपासून खिडकीपर्यंत. बायकोने तळल्या, आईने एक घास खाऊन 'गोड्या पाण्याचा आहे' एवढंच म्हटलं, म्हणजे नापास. आई रत्नागिरीची, तिच्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा नाही.

आत्ता मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून ती जागा शोधत होतो. टॉवर सापडला, धुराडं सापडलं. दोन रेघा ओढल्या. त्या जिथे मिळतात तिथे हिरवट पाणी आहे आणि आजूबाजूलाही तसलंच हिरवट पाणी.

निघताना पार्टनरने गाडीची काच खाली करून विचारलं होतं, तात्या, मे महिन्यात पाणी उतरलं की माझा ल्युअर मिळेल का हो परत?

"मिळंल की," तात्या म्हणाले. "पर इहीर आमची हाय. तिच्यात पडलं ते आमचं."