दोन बरण्या आणि खाणीतलं डबकं

आमच्या नववीच्या वर्षी जुलैमध्ये जीवशास्त्राच्या बाई आम्हाला वेताळ टेकडीवर, खाणीकडे घेऊन गेल्या. तिथल्या एका डबक्यात बेडकाची पिल्लं नुसती वळवळत होती. पुस्तकात त्यांना भैकेर म्हणतात. आम्ही ती डब्यात भरून आणली आणि प्रयोगशाळेच्या खिडकीत लोणच्याच्या दोन बरण्या मांडल्या. एकीत दहा, दुसरीत साठ. पाणी सारखं, उकडलेला पालक डोईप्रमाणे मोजून. मधल्या सुट्टीत पालक टाकायचं काम माझ्याकडे होतं.

तीनेक आठवड्यांत दहांच्या बरणीत मागचे पाय फुटले. साठांच्या बरणीतली मात्र खुरटलेली, पाणी गढूळ, रोज एखाददुसरं मेलेलं. मला राहवेना. "बाई, जास्त पालक टाकू?" "टाकून बघ." टाकला, तर पाणी आणखी नासलं. तेव्हा बाई म्हणाल्या, "यांचं नक्की कशावाचून अडलंय, ते आधी शोध." खाणं भरपूर होतं. अडलं होतं ते जागेवाचून, स्वच्छ पाण्यावाचून.

मग त्यांनी त्या बरणीत चतुराची एक अळी सोडली. ही अळी दबा धरून बसते आणि खालचा ओठ हातासारखा झटकन पुढे फेकून पिल्लू पकडते. आठवड्याभरात बरणी निम्मी रिकामी झाली. मला बाईंचा फार राग आला. पण उरलेली पिल्लं भराभर वाढली, त्यांनाही पाय फुटले. खाणाऱ्यामुळेच मागे राहिलेल्यांचं फावतं, हे मी त्या खिडकीत पाहिलं.

ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली. आम्ही पुन्हा खाणीकडे गेलो, तर डबकं आटलेलं, चिखलाला भेगा, त्यावर वाळलेल्या पिल्लांची काळी पापडी. बाई वाकून बघत होत्या. "इथे दहा असती काय, हजार असती काय, सगळीच गेली असती." दाटी वाढेल तसा जाच वाढवणारी कारणं वेगळी आणि संख्या न बघता झोडपणारं ऊन-पाणी वेगळं, हा फरक मला तिथे कळला.

दहावीत त्यांनी बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटाची हकिगत सांगितली. १९४४ मध्ये तिथे २९ रेनडिअर सोडले. बेटावर लांडगे नव्हते, आणि हिवाळ्यात खायला आपल्या मसाल्यातल्या दगडफुलासारख्या लायकेनचा जाड थर होता. १९६३ पर्यंत कळप सहा हजारांवर गेला, तो थर खरवडून संपला, त्यात कडक हिवाळा आला. १९६६ मध्ये ४२ जनावरं उरली होती. इथे दोन्ही प्रकारची कारणं एकाच वेळी आली, हे बाईंनी न सांगता आम्ही ओळखलं.

गेल्या वर्षी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कबुतरांवरून सभा झाली. कुणी जाळ्या म्हणालं, कुणी पिंजरे. मी विचारलं, दाणे कोण टाकतं? तिसऱ्या मजल्यावरचे काका रोज सकाळी गच्चीवर दोन किलो ज्वारी पसरत. काकू गेल्यापासूनचा नेम होता तो. त्यांच्याशी बोलायला चार महिने लागले. नेम सुटला, तशी कबुतरं कमी झाली. कठडे आहेतच, त्यामुळे अगदी गेली नाहीत.

काका आता पहाटे माझ्याबरोबर टेकडीवर येतात. या जुलैत त्यांना ते डबकं दाखवलं. पिल्लं होती.